गावची लोकसंख्या सांगून एसटी मिळत नाही

वाहक म्हणून एसटीत लागलो, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो. आता साताऱ्याच्या डोंगरकाठी गावी असतो आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांना एसटी मागणीचे अर्ज लिहून देतो. पूर्वी हेच अर्ज टेबलाच्या पलीकडून घ्यायचो. बहुतेक अर्जांचा मजकूर ठरलेला असायचा: ‘आमच्या गावची लोकसंख्या अमुक असून गावास एसटीची सोय नाही, तरी महिला, विद्यार्थी व वृद्ध यांचे अतोनात हाल होत आहेत.’ खाली सरपंचाचा शिक्का आणि पन्नासेक सह्या, त्यातल्या निम्म्या एकाच हाताच्या. अर्जावर आवक क्रमांक पडायचा, तो फायलीला लागायचा आणि पुढे काही व्हायचं नाही.

साहेब वाईट असतात म्हणून असं होत नाही. गावात राहणारी माणसं हा एक आकडा आणि सकाळी गावातून बाहेर पडणारी माणसं हा दुसरा. आगाराला दुसरा लागतो, गाव पहिला देतं. हजार वस्तीच्या गावात घरटी मोटारसायकल असेल तर गाडी रिकामी फिरते. चारशे वस्तीच्या गावातून वीस मुली रोज हायस्कूलला जात असतील तर तिथे गाडी चालते. म्हणून अर्ज लिहायच्या आधी दोन्ही आकडे हातात घ्या. कसे, ते सांगतो.

आधी सरकारी आकडा

सरकारी कागदावर आजही २०११ चीच जनगणना चालते. २०२१ ची कोविडात राहून गेली. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे गाववार आकडे हातात येईपर्यंत अर्जात २०११ चा आकडा लिहायचा आणि तो २०११ चा आहे हेही लिहायचं. वर्ष न लिहिता ठोकून दिलेला आकडा पाहिला की टेबलामागचा माणूस पुढचं वाचत नाही.

हा आकडा जिल्हा जनगणना पुस्तिकेत मिळतो. जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावर प्रत्येक जिल्ह्याची पुस्तिका फुकट उतरवून घेता येते. गावातल्या पोराला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल. पुस्तिकेचे दोन भाग आहेत. ब भागात माणसं असतात: कुटुंबं किती, बाया-पुरुष किती, ० ते ६ वर्षांची पोरं किती, साक्षर किती, कामाला जाणारे किती. अ भागात गावातल्या सोयी असतात. गाव शोधताना नावावर जाऊ नका, सहा आकडी गाव-कोडावर जा. एका तालुक्यात बुद्रुक, त्याच तालुक्यात खुर्द आणि डोंगराच्या पलीकडे त्याच नावाचं तिसरं गाव, असा आपल्याकडे घोळ असतो. राज्याचा कोड २७, सातारा जिल्ह्याचा ५२७, त्याखाली तालुका आणि मग गाव.

अ भागातले वाहतुकीचे रकाने नीट वाचा. सार्वजनिक बस, खाजगी बस, रेल्वे स्टेशन, रिक्षा, जीप-टॅक्सी, डांबरी रस्ता, खडीचा रस्ता, पायवाट, सगळं तिथे आहे. सोय गावात नसेल तर ती किती लांब आहे ते इंग्रजी ए, बी, सी या अक्षरांत दिलेलं असतं. ए म्हणजे ५ किलोमीटरच्या आत, बी म्हणजे ५ ते १०, सी म्हणजे १० च्या पुढे. यातलं ‘ए’ डोंगराळ गावांना फार नडतं. कागदावर ‘ए’ दिसलं की ऐकणारा म्हणतो, मग काय, जवळच आहे की. प्रत्यक्षात ते साडेचार किलोमीटर असतात, त्यातले तीन चढाचे, आणि बाई डोक्यावर बाजाराचं गाठोडं घेऊन ते चढते. म्हणून अर्जात अक्षर लिहू नका. फाट्यापासून देवळापर्यंतचं अंतर मोटारसायकलच्या काट्यावर मोजून लिहा आणि त्यात चढ किती तेही लिहा.

आणखी एक मेख आहे. जनगणना महसुली गाव मोजते, वाडी वेगळी मोजत नाही. धनगरवाडा, वरची आळी, बौद्धवस्ती, कातकरी पाडा, सगळे एकाच आकड्यात जातात. मूळ गावठाणात एसटी येते म्हणून पुस्तिकेत ‘बस आहे’ अशी नोंद होते आणि ४ किलोमीटर वर असलेली वाडी कागदावरून पुसली जाते. तुमचा अर्ज अशा वाडीसाठी असेल तर वाडीचा वेगळा आकडा तुम्हालाच तयार करावा लागेल. त्यासाठी सगळ्यात खरी वही गावच्या आरोग्य कार्यकर्तीची, म्हणजे आशाताईची. कुठल्या घरात कोण, कितव्या महिन्याची गरोदर, कोण मुंबईला गेलं, हे तिला तोंडपाठ असतं. तिच्या जोडीला ग्रामपंचायतीची कर आकारणीची वही म्हणजे नमुना ८, मतदारयादी आणि शाळेचा पट. चारही आकडे शेजारी ठेवले की खरं काय ते दिसतं. मतदारयादीत नाव गावचं आणि माणूस नालासोपाऱ्याला, ही गत प्रत्येक गावात आहे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क कमी झाली होती आणि रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेवर बायका होत्या. आमच्या खोऱ्यातल्या वरच्या गावांची गतही निराळी नाही. घरं सत्तर, कुलपं तीस.

कुलूपबंद घरं लपवू नका. उलट वेगळी मोजून लिहा. गणपतीला, शिमग्याला आणि गावच्या जत्रेला ती उघडतात आणि त्या आठवड्यात जादा गाडी मागायला तोच आकडा कामी येतो.

रस्ताच नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे लोकसंख्येलाच किंमत आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली, तेव्हापासून तिचा हिशेब महसुली गावावर नाही, वस्तीवर आहे. सपाटीला ५०० माणसांची वस्ती, आदिवासी पट्ट्याला आणि डोंगरी राज्यांना २५०. तेव्हा २००१ ची जनगणना धरत होते, २०२४ ला मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्याला २०११ ची धरतात. आदिवासी पट्ट्यात तुमची वस्ती २१० ची आणि जवळच दुसरी ६० ची असेल तर त्या एकत्र धरता येतात का, हे ग्रामसडक योजनेच्या अभियंत्याला आवर्जून विचारा. जवळच्या वस्त्या एकत्र मोजायची तरतूद आहे आणि ती कुणी आपण होऊन सांगत नाही.

मग फाट्यावर उभे राहा

आता खरं काम. दोन माणसं, एक वही, एक घड्याळ. पहाटे साडेपाचला फाट्यावर जायचं, अकरापर्यंत थांबायचं. दुपारी चारला परत जायचं, अंधार पडेपर्यंत थांबायचं. एक साधा दिवस, एक तालुक्याच्या बाजाराचा दिवस आणि एक शनिवार. शनिवार कशाला, ते पुढे येतं.

वहीत रकाने फार नकोत. वेळ. बाई, पुरुष, मुलगा की मुलगी. कुठे चालला. कशाने चालला: वडाप म्हणजे भाड्याची खाजगी जीप, मोटारसायकलच्या मागे, दुधाच्या गाडीत, पायी. किती पैसे दिले. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा: याच वेळेला एसटी असती तर चढला असतास का? इथे ‘हो’ म्हणणाऱ्या प्रत्येकावर विश्वास ठेवू नका. मोटारसायकलवाला तोंडावर ‘हो’ म्हणतो आणि गाडी आली तरी किक मारून निघून जातो. त्याचा ‘हो’ वेगळा लिहा. बाया, शाळेची पोरं, साठीपुढची माणसं आणि ज्यांच्या घरात गाडीच नाही ते, एवढेच पक्के प्रवासी धरा. नावं लिहू नका. नाव विचारलं की बाया बोलायच्या थांबतात. कुठे चाललीस याचं खरं उत्तर दवाखाना किंवा कोर्ट असेल तर नाव देऊन कोण सांगेल?

आमच्या फाट्यावर मोजणी केली तेव्हा एक म्हातारी वडापच्या टपाच्या कडेला लोंबकळणाऱ्या पोराकडे बोट दाखवून म्हणाली, “लिव्ह बाबा, ह्याला पंधरा, मला पंधरा. माझं एसटीला काय बी लागत न्हाई, तरी मी ह्याच्यातनंच जाती.” तिचं वय पंच्याहत्तरच्या पुढचं. ऑगस्ट २०२२ पासून त्या वयाला एसटी फुकट आहे. पण जिथे एसटीच येत नाही तिथे सवलत कागदावरच. अर्जात आम्ही तिचं वाक्य घातलं नाही. ‘७५ वर्षांवरील इतके प्रवासी सध्या खाजगी वाहनाला इतकं भाडं देतात’ असं घातलं. साहेबानं त्याच ओळीवर बोट ठेवलं.

सवलतींचा हिशेब मुद्दाम मांडा, कारण गावाला उलटंच वाटतं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं आहे, ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास आहे. गावकरी म्हणतात, सगळेच अर्धे आणि फुकटे, मग एसटीला काय मिळणार? सवलतीची रक्कम राज्य सरकारने महामंडळाला भरून द्यायची असते. ती वेळेवर येते का, ही मंत्रालयातली गोष्ट. तुमच्या फेरीच्या कागदावर मात्र तो प्रवासी पूर्ण प्रवासी असतो.

आता शनिवार. आपल्याकडच्या बऱ्याच शाळा सोमवार ते शुक्रवार दुपारी पाचला सुटतात आणि शनिवारी सकाळची शाळा अकरा-बाराला सुटते. संध्याकाळी साडेपाचची फेरी पाच दिवस भरून येते आणि शनिवारी तीच फेरी रिकामी धावते, कारण पोरं दुपारीच पायी घरी गेलेली असतात. महिनाअखेरीला सरासरी पडते आणि सरासरी पडली की फेरी डोळ्यावर येते. अर्जातच लिहा: शनिवारी ही फेरी दुपारी सव्वाबाराला सोडावी. वेळापत्रकात शनिवारचा वेगळा वेळ घालता येतो. मागितला नाही तर कुणी घालत नाही. कॉलेजचंही बघून घ्या, बारावीची तुकडी बऱ्याच ठिकाणी सकाळी साडेसातला बसते. साडेनऊची गाडी हायस्कूलला बरोबर आणि कॉलेजला निरुपयोगी.

आगार कसा विचार करतं

दोन शब्द शिकून घ्या: भारमान आणि किलोमीटरमागे उत्पन्न. किलोमीटरमागे उत्पन्न म्हणजे फेरीचे पैसे भागिले फेरीचे किलोमीटर. भारमान म्हणजे गाडीच्या जागा जितके किलोमीटर फिरल्या त्यापैकी किती भरलेल्या होत्या. नुसतं ‘गाडी फुल्ल असते’ म्हणून चालत नाही. शेवटच्या ३ किलोमीटरला फुल्ल आणि आधीच्या १४ ला रिकामी असेल तर भारमान वाईटच निघतं.

समजा तालुका स्टँड ते तुमचं गाव १७ किलोमीटर आणि गाडी ४४ जागांची. ४४ गुणिले १७ म्हणजे ७४८. तुमच्या गावचे २२ प्रवासी शेवटपर्यंत आले तर २२ गुणिले १७, म्हणजे ३७४. भारमान बरोबर निम्मं. आता वाटेवरच्या दोन गावांतले १० प्रवासी १२ किलोमीटर बसले तर १२० वाढले, ४९४ झाले, भारमान ६६ टक्क्यांवर गेलं. एकट्यानं अर्ज करणारं गाव आणि वाटेवरच्या दोन गावांच्या सह्या घेऊन आलेलं गाव यांत हा फरक आहे. शेजारच्या गावाशी बांधाचं भांडण असेल तर ते अर्जापुरतं बाजूला ठेवा.

याच हिशेबामुळे नवीन फेरी मागण्याआधी चालू फेरी पुढे वाढवून मागा. शेजारच्या गावापर्यंत गाडी येते आणि तिथून तुम्ही ५ किलोमीटर असाल तर आगाराला जाऊन-येऊन फक्त १० किलोमीटरचं डिझेल आणि अर्धा तास लागतो. नवी फेरी म्हटलं की नवी गाडी, नवा चालक, नवा वाहक. २०२१-२२ च्या लांबलेल्या संपानंतर कितीतरी ग्रामीण फेऱ्या बंद पडल्या, त्यांतल्या पुष्कळ परत सुरू झाल्याच नाहीत, आणि कारण बहुतेक वेळा हेच: गाडी नाही, माणूस नाही. नसलेली गोष्ट मागितली की ‘नाही’ हेच उत्तर येतं. आहे तिला थोडं ओढलं तर ‘बघतो’ येतं आणि एसटीत ‘बघतो’ला किंमत आहे.

उलट्या दिशेचा विचार गाव कधीच करत नाही. सकाळी गाडी गावातून भरून निघेल, पण गावाकडे येताना तिच्यात कोण असेल? तालुक्याहून येणारे गुरुजी, सिस्टर, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले बाबू. त्यांना गाठा. सगळे दुचाकीने येतात, पावसाळ्यात सगळे वैतागतात. वेळ जुळत असेल तर तिघे-चौघे हमखास ‘आम्ही बसू’ म्हणतात आणि अर्जाखाली त्यांची हुद्द्यासह सही पडली तर तिचं वजन पन्नास सह्यांना भारी.

तालुका मानव विकास कार्यक्रमात असेल तर मुलींसाठीच्या निळ्या गाड्यांची चौकशी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करा. राज्यातले १२५ तालुके त्यात आहेत. ती गाडी शाळेच्या वेळेलाच धावते, मार्ग कसा आखायचा यात शिक्षण खात्याचा शब्द चालतो, त्यामुळे आगारात कितीही फेऱ्या मारल्या तरी उपयोग नाही.

रस्ता गाडीच्या डोळ्यांनी बघा

अर्ज पसंत पडला तर आगारातून कुणीतरी रस्ता बघायला येतं. त्याच्या आधी तुम्ही बघा. साधी लालपरी अकरा मीटरच्या आसपास लांब आणि अडीच मीटर रुंद असते, गावचा रस्ता पावणेचार मीटर, काही ठिकाणी तीनच. समोरून उसाची ट्रॉली आली तर साइडपट्टीवर उतरावं लागतं, म्हणून साइडपट्टीला मुरूम हवा. वळणावर बाभळीची फांदी काचेला लागते, ती तोडा. घरापासून खांबापर्यंत ओढलेली वीजवाहिनी लोंबत असेल तर वीज कंपनीकडे अर्ज द्या, आणि काठीने उचलायचा शहाणपणा कुणी करू नका. मोरी खचलेली असेल तर गाडी येणार नाही, तिथे रदबदली चालत नाही आणि चालूही नये.

सगळ्यात जास्त गावं अडकतात ती गाडी वळवायच्या जागेपाशी. देवळापुढचं पटांगण दिसायला मोठं असतं, पण मध्ये दीपमाळ, कडेला पार, पारावर मांडव. चालकाला चार वेळा मागे-पुढे करावं लागलं तर दुसऱ्या दिवसापासून तो गाडी फाट्यावरूनच फिरवतो, आणि मी तर म्हणेन बरोबर करतो, कारण मागे घेताना पोरं चाकाखाली येतात. मोठा ट्रक आणून एकदा वळवून बघा. एका दमात वळला तर जागा पुरेशी आहे. नसेल तर वळणाची जागा गावाबाहेर शाळेच्या मैदानाशी ठरवा, दोनशे पावलं चालायला कुणाची ना नाही.

रस्ता कुणाचा हेही विचारून घ्या. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. खड्ड्याचा अर्ज चुकीच्या कार्यालयात दिला तर एक पावसाळा फुकट जातो.

अर्ज

ग्रामसभेचा ठराव घ्या, सूचक-अनुमोदकासह. त्याआधी महिला ग्रामसभा होतेच, तिथे हा विषय घ्या. गाडीची खरी गरज तिथे बोलली जाते आणि तो ठराव वेगळा जोडता येतो. अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, प्रत विभाग नियंत्रकांना. एक पान, जास्त नाही. मी लिहून देतो तो साधारण असा:

‘विषय: सकाळी ९.१५ ची अमुक गावापर्यंतची फेरी पुढे ५ कि.मी. आमच्या वाडीपर्यंत वाढविणेबाबत.

महोदय, वरील फेरी सध्या शेजारच्या गावी थांबते. तेथून आमची वाडी ५ कि.मी. असून त्यातील ३ कि.मी. चढ आहे. सोबत जोडलेल्या तीन दिवसांच्या मोजणीनुसार सकाळी ८.३० ते १०.०० या वेळात वाडीतून व वाटेवरील वस्तीतून निघणारे पक्के प्रवासी, पैकी विद्यार्थिनी, महिला व ज्येष्ठ नागरिक यांची संख्या तक्त्यात दिली आहे. परतीसाठी सायं. ५.२० व शनिवारी दु. १२.१५ ही वेळ सोयीची आहे. रस्ता डांबरी असून गाडी वळविण्यास शाळेजवळ जागा आहे. पाहणीसाठी आपण कळवाल त्या दिवशी ग्रामस्थ हजर राहतील. प्रायोगिक तत्त्वावर फेरी सुरू करावी, ही विनंती.’

‘अतोनात हाल’ वगैरे काढून टाका. ‘प्रायोगिक तत्त्वावर’ मात्र सोडू नका. कायमची फेरी द्यायला साहेबाचा हात कचरतो, प्रयोगाला कचरत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. आमदारांचं पत्र लगेच जोडू नका. पहिला अर्ज तोंडओळखीचा असतो, त्यावर वरून दाब आला की आगारातली माणसं कायद्यावर बोट ठेवून बसतात. महिना-दीड महिन्यात हालचाल नाही दिसली तर मग जरूर आणा.

पूर्वी फेरी होती आणि बंद केली असेल तर माहितीच्या अधिकारात तिचे आकडे मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. त्या फेरीचं शेवटच्या वर्षाचं महिनावार भारमान, उत्पन्न आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची संख्या, एवढंच. तिसऱ्या आकड्यात खरी गंमत असते. महिन्यात दहा-बारा वेळा न आलेल्या गाडीची वाट लोक बघत नाहीत, म्हणून भारमान पडतं, आणि भारमान पडलं म्हणून गाडी बंद होते. हा कागद हातात असला की बोलणं वेगळ्या सुरात होतं.

मुक्कामी गाडी हवी असेल तर

संध्याकाळी येऊन गावात राहणारी आणि पहाटे निघणारी गाडी ही गावाची सगळ्यात मोठी सोय. पहाटेची गाडी असली की माणूस साताऱ्याला कोर्टात किंवा सिव्हिलला वेळेत पोचतो. पण ती मागताना गाव फक्त स्वतःचा विचार करतं. मी वाहक असताना मुक्कामाला समाजमंदिरात फरशीवर झोपलोय, डोक्याखाली तिकिटाची पेटी आणि पोटाशी रोकडीची पिशवी धरून, कारण दाराला कडी नव्हती. अशा गावची ड्यूटी कुणी घेईना. घेतली तर आजारपणाची रजा टाकत.

तेव्हा अर्जात खोलीचं लिहा. आतून कडी लागणारं दार. दोन कॉट, धुतलेल्या चादरी. खिडकीला जाळी. स्वच्छ संडास, जवळच, आणि त्यात दिवा. प्यायचं पाणी. हल्ली तिकिटाचं मशीन असतं, ते रात्री चार्जिंगला लावावं लागतं, म्हणून चालू असलेलं बटण; सकाळी मशीन बंद पडलं तर अख्खी फेरी बोंबलते. आता बायका वाहक आहेत, त्यांना अशा मुक्कामाला पाठवायचं की नाही हे खोली बघूनच ठरतं. जेवणाची सोय बचत गटाकडे द्या, पैसे देऊन. फुकट जेवू घालू नका, तीन आठवड्यांत कंटाळाल.

गाडी सुरू झाल्यावर

पहिले दोन महिने गाडी जगवायची असते. वडापवाला पाच मिनिटं आधी येऊन उभा राहील आणि चार दिवस भाडं कमी करेल. तो तरी काय करणार, त्यालाही हप्ते आहेत. पण त्या चार दिवसांत गाव त्याच्याकडे गेलं की एसटी गेली, आणि एसटी गेली की भाडं पुन्हा पहिल्यासारखं.

पंच्याहत्तरीपुढच्यांना सांगा की फुकट असलं तरी शून्य रकमेचं तिकीट मागून घ्यायचं. तिकीट निघालं नाही तर तो प्रवासी मोजलाच जात नाही. आधार कार्ड जवळ ठेवायचं. मुलींचे पास शाळेच्या पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांकडून यादी करून घ्या, ऑगस्टपर्यंत रेंगाळू नका.

गाडी किती वाजता आली, आली की नाही, हे फाट्यावरच्या दुकानदाराला रोज वहीत लिहायला सांगा. तक्रार करताना ‘गाडी कधीच वेळेवर येत नाही’ म्हणू नका, तारखा सांगा. आषाढी वारीला पंढरपूरच्या जादा गाड्या आणि गणपतीला कोकणच्या जादा गाड्या सुटतात, तेव्हा आगारातल्या गाड्या तिकडे जातात आणि आपल्या फेऱ्या पडतात. ते आठवडे सोडून द्या, त्यावरून भांडण काढून संबंध बिघडवू नका. उन्हाळी सुट्टीत शाळेची फेरी बंद होते, ती जूनमध्ये आपोआप सुरू होईल असं धरून बसू नका. शाळा उघडायच्या पंधरा दिवस आधी आगारात जाऊन आठवण द्या. पावसाळ्यात फरशी पुलावर पाणी आलं तर स्टँडवरच्या कंट्रोलरला फोन करायचं काम एकाच माणसाकडे ठेवा. अर्ध्या रस्त्यातून दोनदा परत फिरलेला चालक तिसऱ्यांदा आकाश भरून आलं तरी ‘पाणी होतं’ म्हणून सांगतो.

आणि एवढं करूनही आगार ‘नाही’ म्हणालं, तर हट्ट बाजारच्या दिवसावर आणा. आठवड्यातून एकच दिवस, एक जाणारी, एक येणारी. त्या दिवशी गाडी भरतेच, आणि भरलेल्या फेरीची लॉगशीट हाच तुमच्या पुढच्या अर्जाला जोडायचा कागद.